दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली?

मंडळी, आधी कबुलीजबाब देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी श्रीरामपूरच्या घरी, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं एका धडधाकट गाडीचं इंजिन मारलं. रोज हापिसात ज्युनियर पोरांना "आधी लॉग वाच, मग बोल" असं ऐकवणारा मी. आणि मेलं ते माझ्या अडाणीपणामुळे नाही, तर माझ्या हुशारीमुळे. म्हणूनच हा लेख.

तर झालं असं की वीकांताला घरी गेलो होतो. अण्णा संगमनेरला लग्नाला गेलेले. गाडीची सर्व्हिसिंग आलीच होती, म्हटलं आपणच उरकून टाकू. ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. अंगात आलंच होतं, मग जुनं कूलंटही काढून टाकलं. नवीन कूलंट एकच लिटर आणलेलं. डिस्टिल्ड वॉटर आणायला मेन रोडपर्यंत जायचा कंटाळा आला. अंगणात बोअरचा नळ होता. बाकी भरपाई त्यानं केली. पाच मिनिटं इंजिन चालवलं, टाकीवरच्या खुणेपर्यंत पाणी दिसलं, झाकण लावलं, हात धुतले. वा!

संध्याकाळी चक्कर मारायला गेलो तर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. घाबरतो कशाला? माझ्याकडे ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर होता. मोबाईल जोडला, ॲपमध्ये कसलातरी कोड दिसला, त्याच्या खालीच 'क्लिअर' असं मोठं बटण. दाबलं. दिवा गेला. रात्री परत आला. परत दाबलं. रविवारी सकाळी अण्णांना डोळे दाखवायला पुण्याला न्यायचं होतं. फाटकातून निघताना दिवा पुन्हा हजर. पुन्हा दाबलं. तीन वेळा दाबलं मंडळी, आणि एकदाही वाचलं नाही.

उसाचा सीझन. बेलापूरच्या पुढे एकामागे एक डबल ट्रॉल्या, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. थर्मामीटरचं चित्र असलेला. अण्णा म्हणाले, "अरे, हा लाल आहे." मी म्हटलं, "काही नाही अण्णा, कालपासून सेन्सर नाटकं करतोय." पुढे दोन-तीन किलोमीटर तशीच हाणली. मग बॉनेटच्या फटीतून वाफ, गोड-जळकट वास, आणि गाडीचा दम गेला.

खाली उतरून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात अण्णांनी मनगट धरलं. अण्णांचं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेलंय. "वाफेच्या तोंडावर हात घालतोस? झाकण आहे म्हणून ते पाणी आहे. उघडलंस की वाफ होईल." शंभर टक्के खरं. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण झाकणानं साधारण एक बारचा दाब धरला की १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला, आणि ते सगळं तापलेलं पाणी एका क्षणात तोंडावर. माझा चेहरा आज जसा आहे तसा आहे तो या एका वाक्यामुळे. (फारसा चांगला नाही, पण आहे.)

टोचन लावून गाडी गावात आणली. आमचे नेहमीचे मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "लाईट पयल्यांदा कधी लागली? काय काय खोललं होतं?" खोललेलं सगळं मी सांगितलं. मग म्हणाले, "कोड काय होता?"

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हेडचं पॅकिंग गेलेलं, हेड वाकलेलं. हेड फेसिंगला लेथवाल्याकडे गेलं, चार दिवस गाडी उभी, खिशाला भोक. अण्णांची डोळ्यांची तारीख हुकली ती वेगळीच. सगळं परत बसवल्यावर मिस्त्रींनी स्कॅनर लावला आणि मी जे तीनदा केलं नव्हतं ते केलं. वाचलं. कोड पी-०११३. म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. स्क्रीनवर हवेचं तापमान होतं उणे ४० अंश. आमच्याकडे जानेवारीत थंडी पडते, पण सियाचीन अजून श्रीरामपूरला आलेलं नाही! मिस्त्री एअर फिल्टरच्या डबीपाशी गेले, लोंबकळणारा कप्लर दाबला. टक् असा आवाज आला. दिवा कायमचा गेला. दहा सेकंद.

आता मुद्दा नीट बघा, कारण इथेच सगळे घोटाळा करतात. पिवळा दिवा आणि गाडी तापणं या दोन वेगळ्या भानगडी होत्या. पिवळा दिवा माझ्या न बसवलेल्या कप्लरचा. गाडी तापली ती कूलंटमध्ये हवा अडकली म्हणून. कप्लरनं इंजिन मेलं नाही. पण तो पिवळा दिवा तीनदा पुसून मी स्वतःला एक सवय लावून घेतली: दिवा लागला की तो खोटा. मग लाल दिवा लागला तेव्हा तोही खोटाच वाटला. 'लांडगा आला रे'ची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, त्यात पोरगा खोटारडा असतो. इथे पोरगं खरं बोलत होतं. मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात: कोड वाचायच्या आधी पुसणारा माणूस दुरुस्ती करत नाही, पुरावा नष्ट करतो. मग तो अंगणात बसलेला माझ्यासारखा हौशी असो, नाहीतर इस्त्रीच्या गणवेशातला शोरूमवाला.

आणि हे 'पुरावा' म्हणणं अलंकारिक नाही. कोड साठवताना ईसीयू त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात वेग किती, इंजिनचे फेरे किती, कूलंटचं तापमान किती, सगळं असतं. 'क्लिअर' दाबलं की कोडबरोबर तो फोटो जातो, आणि गाडीनं स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण केल्या होत्या त्यांची नोंदही जाते. हापिसात प्रॉडक्शनवर एरर आली म्हणून कुणी लॉगची फाईलच उडवली तर आपण त्याला मिठी मारतो का?

कोड म्हणजे निदान नव्हे, हेही सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्या टोकाचे लोक कोड वाचून लगेच नवा सेन्सर ऑर्डर करतात. आमच्या गावाचं उदाहरण घ्या. गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनची पाटी मी लहानपणापासून बघतोय ती बेलापूरची. मूळ बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर लांब, प्रवरेच्या काठी. पाटी खोटी नाही. ती कुठे उतरायचं ते सांगते, कुणाच्या घरी जायचं ते नाही. पी-०११३ ही तशी पाटी आहे. या सर्किटपाशी उतरा, एवढंच ती सांगते. सेन्सर मेलाय, वायर तुटलीय की कुणा शहाण्यानं कप्लरच लावला नाही, हे उतरल्यावर आपण शोधायचं.

आणि गाडी तापण्यासाठी तर कोड येईलच असंही नाही. हा पिवळा दिवा जन्माला आला तो प्रदूषणावर लक्ष ठेवायला. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या गाड्यांना ते एप्रिल २०१३ पासून आलं. इंजिनमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, तर त्याची तक्रार करणं हे त्याचं मूळ काम नाही. उलट तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेलाच नसेल, तर तो बिचारा भोवतीच्या हवेचं आणि वाफेचं तापमान सांगतो. पाणी एकीकडे उकळतंय, सेन्सर म्हणतोय ठीक आहे, आणि ईसीयू पंखा लावत नाही. सेन्सर खोटं बोलत नाही. त्याला आपण कोरडा ठेवलेला असतो.

हवा काढायची असते हे मला का सुचू नये, याची मात्र खरंच लाज वाटते. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पाणी उचलत नाही हे शेतावरच्या दहा वर्षांच्या पोराला माहीत असतं. पाइपात पाणी भरायचं, हवा जाऊ द्यायची, मग मोटार चालू. गाडीचा वॉटर पंप हा त्याच जातीचा पंप. थंड इंजिन, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक थोडं वर, इंजिन चालू ठेवून कूलंट हळूहळू भरत राहायचं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा पातळी अचानक खाली जाते. तिथे पुन्हा भरायचं. पंखा निदान दोनदा लागून बंद होऊ द्यायचा. आतल्या हीटरमधून गरम हवा आली पाहिजे. गार आली तर हवा अजून आत आहे. झाकण लावायचं, रात्रभर गार होऊ द्यायचं, सकाळी पातळी परत बघायची. काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो. मी हे सगळं पाच मिनिटांत उरकलं होतं!

आणि ते बोअरचं पाणी. प्रवरेच्या कालव्यांनी आमच्या भागात ऊस आला, पैसा आला, आणि पाणी जिरून जिरून कितीतरी जमीन चोपण झाली. बोअरचं पाणी क्षारांनी जड. गिझरचं एलिमेंट काढून बघा, पांढरी खपली धरलेली दिसेल. तीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अण्णांना हे कळलं तेव्हा ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बॉयलरला आम्ही सॉफ्टनरशिवाय थेंब दिला नाही. आणि तू रेडिएटरला बोअरचं पाणी पाजलंस." इंजिनिअर पोराला यापेक्षा मोठी शिवी नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण हा किस्सा ऐकल्यावर हापिसातले सगळे एकसुरात म्हणाले, "म्हणूनच घरी हात लावायचा नसतो. शोरूमला टाकायची, पैसे फेकायचे, निवांत." माफ करा, पण या वाक्याची मला माझ्या चुकीपेक्षा जास्त चीड येते.

त्याच्या आदल्या वर्षी हाच पिवळा दिवा घेऊन मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. (नाव सांगत नाही, आणि ते फार वेगळे आहेत असंही नाही.) बिलावर काय लिहून आलं? 'जनरल चेकअप, लाईट रीसेट.' कोड कोणता होता? लिहिलेला नाही. काय बदललं? माहीत नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "सर, लाईट गेली ना?" म्हणजे त्यानं जे केलं तेच मी अंगणात केलं. फरक एवढाच की त्याचे मला पैसे पडले. आपण ज्याला निवांतपणा म्हणतो तो हाच: दुसऱ्याला पैसे देऊन दिव्यावर फडकं टाकून घेणं.

आणि घरच्यांना, गल्लीतल्या मिस्त्रींना हे 'येत नाही' असं म्हणतो तेव्हा ते का येत नाही हेही विचारा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण? मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणानं मिळू दिली जात नव्हती. पुढे अपिलांत प्रकरण लांबलं, काहींचा दंड कमीही झाला. पण आयोगानं जे लिहिलं ते कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला आधीच माहीत होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी मतदान करून गाडी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळण्याचा कायदा मागून घेतला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं, आणि त्यात मोटारी हे एक क्षेत्र ठेवलं. चांगलंच आहे. पण आपण ग्राहकच "मला काय करायचंय वाचून" म्हणणार असू तर पोर्टल काय करणार?

कंपन्यांच्या कंजूषपणाचा एक नमुना तर रोज डोळ्यांसमोर असतो. जुन्या गाड्यांत तापमानाचा काटा असायचा. माझ्या गाडीत तो नाही. गार असताना निळा दिवा, फार तापल्यावर लाल, आणि मध्ये अंधार. मंडळी, इंटीजरचं बूलियन केलंय! आत सेन्सर आहे, ईसीयूला अंश न् अंश माहीत आहे, हजार रुपयांच्या आतला स्कॅनर तो आकडा दाखवतो. फक्त ज्यानं गाडीचे पैसे भरले त्याला दाखवत नाहीत. लाल दिवा लागतो तेव्हा सावध व्हायची वेळ टळून गेलेली असते. काटा असता तर तो चढताना अण्णांना बेलापूरच्या आधीच दिसला असता. बॉयलरला पाणी बघायला एक नाही, दोन गेज ग्लास असतात. एक फसली तर दुसरी. मी अण्णांना विचारलं, काच धुरकट झाली, काही दिसेना, तर काय करायचात? म्हणाले, "साफ करायचो, नाहीतर बदलायचो. तिच्यावर फडकं नाही टाकायचो."

तेव्हा माझ्या मागण्या तीन. एक, पिवळा दिवा घेऊन गाडी गेली तर जॉब कार्डवर कोड लिहिलेला हवा, पुसण्याआधी. नसेल तर सही करू नका. दोन, तापमानाचा आकडा डॅशबोर्डवर हवा. तीन, कूलंट कसं भरायचं आणि हवा कशी काढायची ही माहिती गाडीच्या पुस्तकात हवी, शोरूमच्या कपाटात नाही.

आणि घरी सर्व्हिसिंग करणाऱ्या माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे अर्धवट हुशारांसाठी, नियम. एका वेळी एकच गोष्ट उघडा. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. सर्व्हिसिंगनंतर दिवा लागला, तर ज्याला शेवटचा हात लावला तिथे आधी बघा. दहातले नऊ वेळा चूक तुमचीच असते. कोड वाचा, कागदावर लिहा, कारण शोधा, दुरुस्त करा आणि मगच पुसा. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, पाय हलका करा, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल. लाल दिवा लागला तर वाद घालू नका. एसी बंद, बाजूला घ्या, इंजिन बंद. थांबायला जागाच नसेल तर तेवढ्यापुरता हीटर पूर्ण गरमवर टाका, घाम फुटेल पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघेल. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, आणि नंतरही रेडिएटर हाताला गार लागल्याशिवाय नाहीच.

यंदा परत जानेवारीत घरी गेलो. परत अंगणात गाडी, परत ऑइल, फिल्टर, कूलंट. घरीच. डिस्टिल्ड वॉटर आणायला मेन रोडला गेलो. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, मी प्रत्येक कप्लर लावला की विचारायचे, "टक् वाजलं का?" दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालो तेव्हा डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता, आणि मला तो पुसावा लागला नव्हता.

असो. हापिसातला मित्र अजूनही म्हणतो, एवढी मगजमारी कशाला, शोरूमला टाक. टाक की. पण परत येताना विचार, कोड काय होता.

ता.क. अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, आता त्यांना लाल-पिवळं माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतं. तसं ते आधीही दिसत होतंच म्हणा. :-)